पुड्यांचा हिशेब आणि स्प्रेडशीटचे शिक्षण

गडचिरोली जिल्ह्यात जंगलाबरोबर जंगलाचा हिशेबही ग्रामसभांच्या हाती आला, ही घटना संगणक शिकवणाऱ्यांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या, आणि जे आकडे पूर्वी ठेकेदाराच्या दिवाणजीच्या वहीत राहत, ते लिहिण्याची, जुळवण्याची आणि सभेपुढे वाचून दाखवण्याची जबाबदारी गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींवर आली. हिशेब ठेवणारे आणि संगणक शिकवणारे अशा दोहोंच्या वडसा येथील या संमेलनात अध्यक्षपदावरून मांडण्याजोगी गोष्ट त्यामुळे एकच उरते, ती ही की, स्प्रेडशीट पाहून शिकता येत नाही. ती स्वतःच्या हाताने, आणि शक्यतो स्वतःच्या गावाच्या आकड्यांवरच शिकावी लागते.

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने यांतून तयार होणाऱ्या घरांचा तक्ता होय. रकान्याचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक मिळून प्रत्येक घराचा पत्ता बनतो, आणि घरात आकडा, मजकूर किंवा दुसऱ्या घरांवर अवलंबून असलेले सूत्र ठेवता येते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 1979 साली ‘व्हिसिकॅल्क’ आणले तेव्हा त्याचे सारे सामर्थ्य या शेवटच्या सोयीत होते, कारण एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलत आणि पान पुसून पुन्हा मांडण्याचे कष्ट वाचत. किर्द-खतावणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांमुळे एक्सेल हे नाव गावोगावी पोहोचले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु अनेक वर्गांत सरावासाठी पाच कल्पित विद्यार्थ्यांची गुणपत्रिका दिली जाते, शिक्षक एकदा करून दाखवतो आणि एका संगणकापुढे बसलेल्या तिघांपैकी एकाच्याच हाती माऊस राहतो. त्या गुणपत्रिकेची बेरीज चुकली तरी कोणाचे काही बिघडत नसल्यामुळे ती पडताळून पाहण्याची सवय लागत नाही. तेंदूच्या हिशेबात मात्र चुकलेला आकडा म्हणजे एखाद्या कुटुंबाची बुडालेली मजुरी असते.

तेंदूचाच तक्ता घेऊन पाहावे. 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे 70,000 पाने, हे माप महाराष्ट्रात रूढ आहे. पहिल्या रकान्यात कुटुंबाचे नाव, पुढच्या रकान्यांत एकेका दिवसाचे पुडे, त्यांच्या उजवीकडे बेरीज आणि वर एका स्वतंत्र घरात एका पुड्याचा दर, एवढी मांडणी हंगामाच्या हिशेबाला पुरते. बेरीज एफ रकान्यात आणि दर जी1 या घरात असेल, तर चौथ्या ओळीतील कुटुंबाची रक्कम ‘=एफ4*जी1’ या सूत्राने बरोबर निघते. तेच सूत्र खाली ओढले की मात्र पाचव्या ओळीत ते ‘=एफ5*जी2’ असे होते, आणि जी2 रिकामे असल्याने त्या कुटुंबाच्या नावापुढे शून्य उमटते. दराच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावून ‘$जी$1’ असे लिहिले की तो पत्ता जागचा हलत नाही. याला निरपेक्ष संदर्भ म्हणतात. ही व्याख्या फळ्यावरून दहा वेळा उतरवून घेतली तरी विसरली जाते, पण आपल्याच मावशीच्या नावापुढे उमटलेले शून्य ज्याने स्वतः दुरुस्त केले, तो ती विसरत नाही.

दुसरा धोका याहून गंभीर आहे, कारण तो दिसत नाही. घरात नुसते ‘120’ न लिहिता ‘120 पुडे’ असे लिहिले, तर संगणक त्याला संख्या न मानता मजकूर मानतो, आणि बेरजेचे सूत्र कोणतीही सूचना न देता ते घर वगळते. वेगळी मांडणी केलेली नसेल तर संख्या घराच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला चिकटतो, एवढीच काय ती खूण. म्हणून ‘पुडे’ हा शब्द रकान्याच्या मथळ्यात लिहावा, घरात नव्हे. आणि प्रत्येक बेरीज दोनदा, एकदा कुटुंबवार आणि एकदा दिवसवार, काढून दोन्ही जुळतात की नाही ते पाहावे.

खुद्द वडशालाही आपला धडा दूर शोधावा लागत नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांची कार्यालये याच गावात आहेत आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात कोणत्या रात्री कोणत्या गावी प्रयोग, कोणत्या कलावंताची ‘नाईट’, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, किती, हे सारे येथूनच ठरते. अशा नोंदींत तारीख मजकूर म्हणून पडली, तर क्रम लावताना 1 डिसेंबरच्या मागे 10 जानेवारी आणि त्याच्या मागे 2 डिसेंबर येतो. आणि सगळा तक्ता न निवडता एकाच रकान्याचा क्रम लावला, तर एका गावाची तारीख दुसऱ्या गावाच्या नावापुढे जाऊन बसते. क्रम लावण्यापूर्वी फाईलची प्रत काढून ठेवण्याची शिस्त अशाच सरावातून लागते.

खर्चाची सबब येथे टिकत नाही, कारण लिब्रेऑफिसचे कॅल्क विनामूल्य मिळते आणि बेरीज, गुणाकार, क्रम व गाळणी ही प्राथमिक कामे साध्या स्मार्टफोनवरही करता येतात. अडचण आहे ती शिकवण्याच्या रीतीची. म्हणून येथे जमलेल्या प्रशिक्षकांना विनंती अशी की, पुढचा तेंदू हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपापल्या वर्गातील कल्पित गुणपत्रिका बाजूला ठेवावी, जवळच्या ग्रामसभेकडून तिच्या संमतीने मागील हंगामाची पुड्यांची वही मागून घ्यावी, प्रत्येक शिकणाऱ्याला स्वतंत्र कळफलक द्यावा, आणि त्याने काढलेली बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळेपर्यंत त्याच्या हातातून माऊस काढून घेऊ नये.