कानांनी वाचले जाणारे पत्र

अंधांच्या पत्रव्यवहाराची अडचण भारतीय टपाल खात्याने पूर्वीच ओळखली होती. अंधांसाठी असलेल्या साहित्याची ७ किलोग्रॅमपर्यंतची पुडकी त्याने हशिलातून मुक्त ठेवली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी निश्चित झाली. तरीही ब्रेलमधील पत्र लिहिण्यासाठी ती लिपी जाणणारा लेखक लागे, आणि असे लेखक थोडे. ई-मेलमुळे ही अट उरली नाही. सर्वांना धाडलेले तेच पत्र अंध वाचकाच्या संगणकावरील स्क्रीन रीडर त्याला वाचून दाखवितो.

मात्र हे यंत्र अक्षरे वाचते, अक्षरांचे चित्र नव्हे. गणेशोत्सवाची सुबक निमंत्रणपत्रिका चित्ररूपाने धाडली, तर डोळस माणसाला तिच्यात तिथी, वेळ, स्थळ सारे दिसते. अंध वाचकाला मात्र बहुधा केवळ ‘चित्र’ हा शब्द, फार तर फाइलचे निरर्थक नाव ऐकू येते. चित्रासोबत त्याचा आशय शब्दांत नोंदविण्याची सोय असते. ती मोकळी सोडली जाते. जुन्या फॉन्टांची गत याहून चमत्कारिक आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टात देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असतात. त्यात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द यंत्राच्या लेखी ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचा असतो. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला ही बाधा होत नाही.

भिलाईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतील माणसे येथे एकत्र आली. येथील मराठी घरात हिंदी व मराठी अशी दोन्ही पत्रे येतात आणि दोन्ही देवनागरीतच. पत्राची भाषा कोणती, याची खूण मजकुराच्या रचनेत नसेल, तर यंत्र मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचू लागते. ‘ज्ञानेश्वरी’ची ‘ग्यानेश्वरी’ होते. डोळसाला ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु ज्याचे सारे वाचन कानांनीच होते, त्याच्या दृष्टीने ही पानोपानी आढळणारी मुद्रणदोषांची रास होय.

इतर दोष थोडक्यात सांगता येतील. शोभेसाठी मजकूर अदृश्य तक्त्यांच्या चौकटींत मांडला, तर वाक्यांमध्ये ओळी व रकाने यांची गणती शिरते. स्क्रीन रीडर वापरणारा अनेकदा पत्रातील दुव्यांचीच यादी ऐकतो. तीत सात वेळा ‘येथे क्लिक करा’ आले, तर कोठे जावे हे त्याला कळत नाही. फिक्या पार्श्वभूमीवरील फिकी अक्षरे मंददृष्टी वृद्धांनाही छळतात.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम असावा, यासाठी उपाययोजना करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असे म्हटले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात त्याने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात समाविष्ट केली. त्या प्रकरणी अॅसिडहल्ल्यात जखमी झालेल्यांना आणि अंधांना बँकांच्या ओळख-पडताळणीत येणारी अडचण न्यायालयापुढे होती: पापणी मिटू न शकणाऱ्या व्यक्तीला ‘पापणी मिटा’ अशी आज्ञा होत असे.

पत्र धाडणाऱ्याला परीक्षेसाठी खर्च नाही. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकेल करन या अंध तरुणाने आरंभिलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. पडद्यावर कापड टाकून आपलेच पत्र त्याच्या तोंडून ऐकावे; तिथी, वेळ आणि स्थळ कळले, तरच ते धाडावे.