पोटाची भूक आणि मनाची



मूल पोटभर जेवले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. ही समजूत कितपत खरी, एवढेच आज आम्हांला आपल्यापुढे मांडायचे आहे.

१९८६-८७ मध्ये जमैकातील किंग्स्टन शहरात डॉ. सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. वये नऊ ते चोवीस महिने. त्यांचे चार गट केले. एकाला आठवड्याला किलोभर दूधभुकटी, दुसऱ्याच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्यसेविका, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यांतले काहीच नाही. सेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. हा क्रम दोन वर्षे चालला.

दुधाने आरंभी गुण दिला, पण तो टिकला नाही. खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी त्या घरांतील मुलांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्के अधिक भरली.

मग दूध व्यर्थ का? मुळीच नाही. भुकेले मूल खेळणार कसे? परंतु केवळ अन्नावर बुद्धी पोसत नाही. आणि दोष आईचा म्हणावा, तर तोही अन्याय. दिवसभर राबणाऱ्या बाईला तो एक तास आपण कधी मोकळा करून दिला?

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम मांडले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडीत मुलाचे वजन नोंदले जाते. त्याच्याशी घरात कोण किती बोलले, याचा हिशेब मात्र आपल्यालाच ठेवावा लागेल.