होडीबाहेरची माणसे



वार्षिक समारंभात पाहुण्याने विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो थोडा मोडणार आहे. मी आपणांस एका महाविद्यालयीन वल्हवण्याच्या चमूची हकिकत सांगणार आहे, आणि त्यातही वल्ही मारणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना तयार करणाऱ्या माणसांची. ऑलिंपिकमध्ये पदक खेळाडूच्या गळ्यात पडते. प्रशिक्षकाला पदक देण्याची तेथे पद्धतच नाही.

आपल्यापैकी जे खाडीकाठचे आहेत त्यांना वल्हे आणि तांडेल म्हणजे काय हे सांगायला नको. पण शर्यतीची होडी निराळी असते. सुमारे साठ फूट लांब आणि माणूस जेमतेम बसेल इतकी अरुंद. आठ जण, प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे, आणि होडी ज्या दिशेला जाते तिकडे आठही जणांची पाठ. म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे वल्हवणाऱ्याला दिसतच नाही. ते दिसते फक्त नवव्याला, सुकाणू सांभाळणाऱ्या तांडेलाला. एकाचेही वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात पडले तर सगळी होडी डगमगते. शिवाय प्रशिक्षक काठावर. एकदा शर्यत सुरू झाली की त्याला एक अक्षरही सांगता येत नाही. जे शिकवायचे ते आधीच शिकवून झालेले असावे लागते.

आता सिअ‍ॅटलला चलू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे शहर आहे, आणि वॉशिंग्टन विद्यापीठ तेथे आहे, राजधानीच्या वॉशिंग्टनमध्ये नव्हे. १९३० नंतरची ती मंदीची वर्षे. वल्हवणे हा तोवर पूर्वेकडील जुन्या, श्रीमंत महाविद्यालयांचा खेळ मानला जाई. सिअ‍ॅटलच्या होडीत मात्र शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची, मासेमाऱ्यांची मुले येऊ लागली. १९३३ साली प्रवेश घेतलेला जो रँट्झ हा त्यांपैकीच. आई लहानपणीच वारलेली. पंधरा वर्षांचा असताना वडील आणि सावत्र आई धाकट्या भावंडांना घेऊन घर सोडून गेले आणि हा एकटा मागे राहिला. मिळेल ते काम करून तो शिकला.

नव्या मुलांना हाती घेत ते टॉम बोल्स. विद्यापीठाकडे ‘ओल्ड नीरो’ नावाचा एक रुंद, सपाट तळाचा तराफा होता. दोन्ही बाजूंना मिळून सोळा मुले बसत, मधल्या वाटेने बोल्स फिरत, आणि वल्हे कसे धरायचे, मनगट कधी वळवायचे, पाठ कुठवर न्यायची हे एकेकाला सांगत. शंभरावर मुले येत. थंडीपावसात हात सोलवटून घेणे नकोसे झाले की बरीचशी आपोआप गळत. या कामाला कसली कीर्ती! पण वरच्या प्रशिक्षकाला जी मुले मिळत, ती बोल्सनी घडवलेली. आपल्याकडे दहावीच्या शिक्षकाचा सत्कार होतो. पाचवीत ज्याने अपूर्णांक शिकवले त्याचे नावही पालकांना आठवत नाही. बोल्स यांना हार्वर्डने १९३६ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावून नेले. म्हणजे किंमत कळणाऱ्यांना कळली होती.

मुख्य प्रशिक्षक अ‍ॅल उलब्रिक्सन. स्वतः याच विद्यापीठात वल्हवलेले, आणि स्वभावाने इतके अबोल की त्यांच्या मनात काय आहे हे मुलांना कधी कळत नसे. त्यांचे काम निवडीचे. कोण पहिल्या होडीत, कोण दुसऱ्या, कोण बाहेर. १९३६ च्या वसंतात त्यांनी माणसे किती वेळा अदलून-बदलून पाहिली! हे काम कठोर आहे आणि ते कठोर माणसानेच करावे, असे माझे मत आहे. सर्वांना खूष ठेवणारा निवडणारा अखेर कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

पण कठोर माणसाला एक गोष्ट जमत नाही. जो रँट्झ कधी अप्रतिम वल्हवी, कधी एकदम ढेपाळे. आज वरच्या होडीत, उद्या खालच्या. अंगात ताकद होती. तंत्र बोल्सनी शिकवले होते. मग अडत होते कुठे? उलब्रिक्सन यांना कळेना, आणि विचारायला गेले असते तर पोरगा आणखी मिटला असता. त्यांनी तो मुलगा जॉर्ज पोकॉक यांच्याकडे सोपवला.

पोकॉक प्रशिक्षक नव्हते. ते होड्या बांधणारे सुतार होते. इंग्लंडमध्ये त्यांचे वडील ईटनच्या शाळेच्या होड्या बांधीत. जॉर्ज १९११ साली भावाबरोबर कॅनडात आले. तेथून त्यांना सिअ‍ॅटलला आणले हायराम कॉनिबेअर यांनी. हे गृहस्थ वल्हवण्याचे काहीच ज्ञान नसताना या खेळाचे प्रशिक्षक झाले, आणि शरीर कसे हलते हे समजावे म्हणून माणसाचा सांगाडा समोर घेऊन बसले होते! असो. पोकॉक यांचा कारखाना होडीघराच्या माळ्यावर होता. रंधा आणि छिन्नीने ते देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या पातळ फळ्या घडवीत, आणि अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांना त्यांच्याच होड्या जात. आपल्या भाषेत सांगायचे तर उस्ताद माणूस. मुले माळ्यावर येऊन त्यांचा हात चालताना पाहत बसत.

रँट्झला त्यांनी वर बोलावले, लाकूड दाखवले, घरची चौकशी केली. हळूहळू उलगडले ते असे, की ज्याला घरच्यांनी टाकले तो होडीतल्या सात जणांवर भरवसा ठेवायला भीत होता. आठांचे काम एकट्याने ओढू पाहत होता. पोकॉक यांनी त्याला ताकदीबद्दल काही सांगितले नाही. दुसऱ्यांवर विसंबायला सांगितले.

पालकहो, मी येथे थोडा थांबतो. मुलगा एका वर्षी चमकतो, दुसऱ्या वर्षी आपटतो; आणि आपण काय करतो? ‘याच्या डोक्यात अभ्यास नाही’ म्हणून त्याला गॅरेजवर लावतो. मुलगी असेल तर घरी बसवतो. गुणपत्रिकेवर सही करताना तो गप्प का झाला हे विचारत नाही. शाळेतही वर्गशिक्षकाला साठ मुले. कदाचित ते विचारायला योग्य माणूस प्रयोगशाळेतला मदतनीस असेल, ग्रंथपाल असेल. मुख्याध्यापकांनी त्याच्यावर ते सोपवावे, यात त्यांचा कमीपणा नाही.

रँट्झ त्या वसंतात पहिल्या होडीत बसला आणि ती होडी धावू लागली. जुलैमध्ये प्रिन्स्टनला निवड झाली, तेव्हा ऑलिंपिक समितीने सांगितले की जाण्याचा खर्च तुमचा तुम्ही करा. पाच हजार डॉलर! सिअ‍ॅटलच्या लोकांनी वर्गणी काढून ते दोन-चार दिवसांत जमवले.

बर्लिनजवळच्या ग्रूनाऊ येथे १४ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम शर्यत झाली. ताल धरणारा डॉन ह्यूम आजारी होता. उलब्रिक्सन यांनी त्याला वगळले. तेव्हा मुलेच त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, तो नुसता होडीत असू द्या, आम्ही त्याला शेवटपर्यंत नेऊ. त्या अबोल, कठोर माणसाने आपला निर्णय मागे घेतला. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वाऱ्याच्या तोंडची गल्ली वाट्याला आली, सुरुवात उशिरा झाली, अर्ध्या अंतरापर्यंत होडी मागेच होती. शेवटी ती ६ मिनिटे २५.४ सेकंदांत पुढे निघून गेली, इटली ०.६ सेकंद मागे, जर्मनी पूर्ण एक सेकंद. या कथेवर २०१३ मध्ये पुस्तक आले, २०२३ मध्ये चित्रपट. विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावेत.

रँट्झ पुढे अभियंता झाला आणि बोइंग कंपनीत त्याने नोकरी केली. उलब्रिक्सन १९५८ पर्यंत त्याच पदावर राहिले. पोकॉक यांनी बांधलेली ती होडी, ‘हस्की क्लिपर’, आज विद्यापीठाच्या होडीघरात टांगलेली आहे. त्या होडीघराला नाव मात्र कॉनिबेअर यांचे आहे. सांगाडा घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांचे.