हरलेल्या सामन्याचा न्याय



मोठ्या पराभवाला मराठी माणसानें एकच नांव देऊन ठेविलें आहे. निवडणुकींत पक्षाची दाणादाण उडो, व्यापारांत दिवाळें वाजो, कीं मैदानावर आपला संघ धुळीस मिळो, तो म्हणतो, 'पानिपत झालें!' आणि पानिपत झालें म्हणजे पाठोपाठ दुसरी गोष्टहि ठरलेलीच असते. ती म्हणजे, भाऊसाहेबांचें चुकलें कोठें, याचा खल. १४ जानेवारी १७६१ या दिवसाला अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरी बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर न्यावयाला नको होते, मल्हाररावांचा गनिमी काव्याचा सल्ला मानावयाला हवा होता, गोल बांधून लढण्याचा बेतच मुळांत फसवा होता, असे निकाल मराठी घरांत जेवणाच्या पानावर अजून दिले जातात. तो गोल फौजेचा. फुटबॉलचा गोल निराळा. पण वादाची जात मात्र एकच आहे.

नांदेडच्या वजिराबादेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईंत, आपला संघ मोठ्या फरकानें हरल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कोणत्याहि चहाच्या दुकानांत हा वाद ऐकावयास मिळतो. खेळ फुटबॉलचा असो, हॉकीचा असो वा क्रिकेटचा. त्यांतून समोरचा संघ जर पिढीजात वैऱ्याचा असेल, तर चहा थंड होतो, पण माणसें होत नाहींत. एकजण म्हणतो, 'अहो, अमक्याला बाहेर बसविलें, तेव्हांच सामना गेला.' दुसरा म्हणतो, 'तसें नव्हे. मागें माणसें ठेवलींच नाहींत. मग समोरचा मोकळ्या रानांतून यावा तसा येणारच.' कोपऱ्यांतला तिसरा इतका वेळ गप्प असतो. तो कप खालीं ठेवतो आणि हलकेंच म्हणतो, 'तुम्हीं कितीहि बोला, मला तर वाटतें माणूस विकला गेला.' या तिसऱ्या माणसाचें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. सर्वांत कमी माहितीचें असूनहि तेंच वाक्य सर्वांत दूरवर जातें.

असले वाद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असें पुष्कळ शहाणी माणसें म्हणतात. तें खरें नाहीं. ज्याला संघाची आंच असते तोच भांडतो. ज्याला ती नसते तो वर्तमानपत्राचें पान उलटतो. निर्णय चुकला असेल तर तो चुकला असें म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. प्रश्न एवढाच कीं, वाद घालणारा पराभवाचें कारण शोधीत आहे, कीं पराभवाचा आरोपी शोधीत आहे? दोन्ही शोध बाहेरून सारखेच दिसतात. पण पहिल्याच्या शेवटीं पुढचा सामना असतो, आणि दुसऱ्याच्या शेवटीं फांसाचा दोर.

लातूर जिल्ह्यांतील उदगीर हें गांव या बाबतींत पहिली साक्ष देतें. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरच्या मोहिमेंत निजामाला नमविलें. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि त्याचें कवायती पायदळ यांचा त्या यशांत मोठा वांटा होता. तहांत सुमारें साठ लक्षांचा मुलूख मिळाला, भाऊंचें नांव दुमदुमलें, आणि उत्तरेच्या स्वारीचें सेनापतिपद त्यांच्याकडे आलें. वर्ष पुरतें उलटतें न उलटतें तोंच पानिपत झालें. भाऊ तेच होते, गारदी तोच होता आणि लढण्याचा विचारहि तोच होता. उदगीरास जी दूरदृष्टि ठरली, तिलाच पानिपतावर हट्ट हें नांव मिळालें. पण भोवतालचें सर्व बदललें होतें. शत्रु निराळा होता, मुलूख परका होता, रसद तुटून माणसें आणि जनावरें उपाशी होतीं. केवळ निकालाकडे पाहून निर्णयाची पारख करणारा मनुष्य उदगीरच्या दिवशीं भाऊंना हार घालतो आणि पानिपतच्या दिवशीं त्यांनाच शिव्या देतो. दोन्ही दिवशीं तो विचार मात्र करीत नाहीं.

रणांगणाकडून मैदानाकडे यावयाचें, तर मराठवाड्याची वाट हैदराबादेवरून जाते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें हैदराबाद राज्यांत होतीं. आणि भारतीय फुटबॉलचे सर्वांत थोर गुरु, सय्यद अब्दुल रहीम, हेहि त्या हैदराबादचेच. पेशानें ते शाळामास्तर होते. त्यांनीं तयार केलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ सालीं दिल्लीस पहिली आशियाई स्पर्धा भरली, तेव्हां रहीम यांच्या देखरेखीखालील भारतीय संघानें इराणचा एक गोलनें पराभव करून सुवर्णपदक मिळविलें.

दुसऱ्याच वर्षीं, १५ जुलै १९५२ रोजीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें या संघाची गांठ युगोस्लाव्हियाशीं पडली. निकाल लागला तो असा: युगोस्लाव्हिया १०, भारत १. अगदीं शेवटीं अहमद खान यांनीं केलेला तो एक गोल झाला नसता, तर पाटी कोरीच राहिली असती. कप्तान शैलेन मन्ना यांच्यासारखा कसलेला बॅक असूनहि बचाव पार कोलमडला.

मग वादाला तोंड फुटलें. वादाचा पहिला मुद्दा पायांचा होता. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत. हेलसिंकीच्या थंडींत आणि ओल्या हिरवळींत तें भोंवलें, असें पुष्कळांचें मत पडलें. येथें उदगीरची आठवण व्हावी. चारच वर्षांपूर्वीं, १९४८ सालीं लंडनला, याच अनवाणी पायांचें सर्वत्र कौतुक झालें होतें. फ्रान्ससारख्या संघाशीं भारत केवळ २-१ असा हरला होता, आणि दोन पेनल्टी वायां गेल्या नसत्या तर कदाचित् जिंकलाहि असता. लंडनला जे अनवाणी पाय कौतुकाचे झाले, तेच हेलसिंकीस अडाणीपणाचे ठरले. दुसरा मुद्दा मांडणीचा होता. दोन बॅक, तीन हाफ आणि पांच फॉरवर्ड ही आपली जुनी रचना. युरोपांत ती कधींच मागें पडली होती. तिसरा मुद्दा दमाचा होता. युरोपांत सामना नव्वद मिनिटांचा, तर भारतांतील बहुतेक सामने त्या काळीं त्याहून कमी वेळांत आटोपत. आणि या सर्वांवर एक मुद्दा असा होता कीं, समोरचा संघ खरोखरच बलाढ्य होता. त्यानें त्या ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविलें.

एवढीं कारणें समोर असतां एका माणसाच्या गळ्यांत सर्व दोष बांधणें सोपें होतें, आणि तो माणूस रहीम हाच असावयाचा. पण त्यांना काढून टाकण्यांत आलें नाहीं, हें भारतीय फुटबॉलचें भाग्य. चांगला मास्तर नापास मुलाची उत्तरपत्रिका फाडून टाकीत नाहीं. चूक नेमकी कोणत्या ओळींत झाली तें पाहतो. रहीम यांनीं तेंच केलें. अखिल भारतीय संघटनेनें बूट सक्तीचे केले. रहीम यांनीं जुनी रचना सोडून तिसऱ्या बॅकचा अवलंब केला, आणि पुढें ते काळाबरोबर चार-दोन-चार या मांडणीपर्यंत गेले.

चार वर्षांनीं, १९५६ च्या डिसेंबरांत, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें उपान्त्य सामन्याला पुन्हां तोच युगोस्लाव्हिया समोर आला. त्याआधीं भारतानें ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें होतें, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनीं त्यांत तीन गोल केले होते. मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. नंतर नेव्हिल यांनींच पहिला गोल केला, आणि ज्यांनीं दहा गोल चढविले होते त्यांच्यावर कांहीं क्षण भारताची आघाडी होती! पुढें युगोस्लाव्हियानें चार गोल करून सामना जिंकला. निकालाच्या वहींत ही हारच आहे. परंतु १०-१ आणि ४-१ या दोन हारींमधलें अंतर ज्याला दिसत नाहीं, त्यानें कोणत्याहि संघाविषयीं मत देऊं नये.

रहीम यांचा शेवटचा निर्णय तर याहून मोठ्या वादाचा व्हावयाचा होता. १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारताला २-० असें हरविलें. पुढें थायलंडशीं खेळतांना बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टांके पडले. अशा खेळाडूला विश्रांति द्यावी, हा सरळ विचार. रहीम यांनीं त्यांना उपान्त्य सामन्यांत उतरविलें, आणि तेंहि बॅक म्हणून नव्हे, तर फॉरवर्ड म्हणून! जर्नेलसिंग यांनीं त्या सामन्यांत गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हां दक्षिण कोरियाच समोर होता. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं एक गोल केला आणि दुसरा जर्नेलसिंग यांनीं. भारत २-१ असा जिंकला. त्या दिवशीं चेंडू खांबाला लागून परत आला असता, तर 'जखमी बॅकला पुढें खेळविणारा वेडा मास्तर' असें रहीम यांचें नांव राहिलें असतें. निर्णय मात्र तितकाच विचारपूर्वक असता. त्या वेळीं रहीम यांना कर्करोगानें ग्रासलें होतें. ११ जून १९६३ रोजीं त्यांचें निधन झालें.

आतां चहाच्या दुकानांतील त्या तिसऱ्या माणसाकडे वळावयाचें. त्याच्यासाठीं हॉकीचा दाखला घ्यावा लागतो, आणि हॉकीच्या वादाला नांदेडइतका योग्य श्रोता मराठवाड्यांत दुसरा नाहीं. गुरु गोविंदसिंगांच्या नांवानें सुवर्ण आणि रौप्य चषकांसाठीं होणाऱ्या अखिल भारतीय हॉकी-स्पर्धेनें नांदेडकरांना हा खेळ पिढ्यान् पिढ्या दाखविला आहे.

१ डिसेंबर १९८२ रोजीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत भारत व पाकिस्तान यांच्यांत हॉकीचा अंतिम सामना झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. पहिला गोल भारताचा झाला, आणि नंतर एकामागून एक सात गोल पाकिस्तानचे. ७-१! विचारावयाचे प्रश्न पुष्कळ होते. संघ सगळा पुढें धांवला, तेव्हां मागें राखण कोणाची होती? चेंडू घेऊन येणाऱ्याला गोलरक्षकाच्या आधीं कोणी कां अडविलें नाहीं? एक गोल झाल्यावर, दोन झाल्यावर, बेत कां बदलला नाहीं? हे प्रश्न संपूर्ण संघाचे आणि त्याच्या चालकांचे होते. पण देशाला इतके प्रश्न नको होते; त्याला एक चेहरा हवा होता, आणि तो गोलमध्यें उभा असलेला दिसला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांनीं पैसे खाल्ले, अशी आवई उठली. पुरावा कधींच पुढें आला नाहीं. आवई मात्र घरोघर पोंचली. खेळाडू म्हणून त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द पुन्हां पूर्वीसारखी उभी राहूं शकली नाहीं.

त्याच स्पर्धेंत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता, आणि पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं सुवर्णपदक जिंकलें होतें. किती घरांत तें आज आठवतें? सात गोल मात्र सर्वांना पाठ आहेत. नेगी यांना न्याय मिळावयाला सोळा वर्षें लागलीं. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत भारतीय पुरुषसंघानें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करणारे मार्गदर्शक नेगीच होते. २००७ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचें नातें लोकांनीं त्यांच्या कथेशीं जोडलें, आणि ज्या लोकांनीं त्यांना दोषी ठरविलें होतें तेच लोक चित्रपटगृहांत डोळे पुसूं लागले.

दोन्ही पराभव सारखेच दारुण होते. एका वेळीं मास्तर जागेवर राहिला, कारणें शोधलीं गेलीं, आणि दहा वर्षांनीं आशियाचें सुवर्ण आलें. दुसऱ्या वेळीं आरोपी सांपडला, आणि आरोपी सांपडल्यामुळें पुष्कळांची विचार करण्यांतून सुटका झाली.

तेव्हां पुढच्या वेळीं वजिराबादेंत वा गंजगोलाईंत हा वाद रंगेल, आणि तो रंगावाच, तेव्हां बोलणाऱ्यानें कपाला ओंठ लावण्यापूर्वीं तीन गोष्टी मनाशीं विचाराव्या. जी चूक आज आपणांस दिसते, ती सामन्यापूर्वीं कोणाला दिसण्यासारखी होती काय? तो निर्णय न घेतां दुसरा कोणता मार्ग संघापुढें मोकळा होता? आणि हाच निर्णय लागू पडला असता, तर आपणच त्याचे गोडवे गायले असते कीं नाहीं? या तिन्हींतून जी टीका पार पडेल, ती कडू असली तरी संघाच्या कामाची असेल. ती खुशाल करावी.

आणि कोपऱ्यांतल्या माणसानें 'विकला गेला' म्हणून कप खालीं ठेवला, तर बाकीच्यांनीं त्याला शांतपणें विचारावें, 'तुम्हांला हें कोणी सांगितलें?' उत्तर बहुधा येणार नाहीं. १९८२ सालीं हा प्रश्न पुरेशा लोकांनीं वेळेवर विचारला असता, तर एका खेळाडूचीं सोळा वर्षें वांचलीं असतीं.