जागतिक क्रमांकामागचे आकडे कोण तपासतं?



दरवर्षी जूनच्या सुमाराला क्यूएस या संस्थेची जागतिक विद्यापीठ क्रमवारी जाहीर होते. ऑगस्टमध्ये शांघायची येते आणि मग पावसाळा संपता संपता टाइम्स हायर एज्युकेशनची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे झळकतात. अमुक आयआयटी इतकी पावलं वर, तमुक विद्यापीठ इतकी पावलं खाली. क्रमांक सगळ्यांच्या तोंडी असतो. तो ज्या आकड्यांवर उभा असतो, ते आकडे कोणी भरले आणि भरल्यावर कोणी तपासले, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात मलेशियापासून करतो. 2004 साली लंडनच्या टाइम्स हायर एज्युकेशन सप्लिमेंटनं क्यूएसच्या मदतीनं आपली पहिली जागतिक क्रमवारी काढली. तिच्यात क्वालालंपूरचं मलाया विद्यापीठ 89वं आलं. आशियातलं एक सरकारी विद्यापीठ जगातल्या पहिल्या शंभरांत! देशभर कौतुक झालं, अभिनंदनाचे फलक लागले. पुढच्या वर्षी तेच विद्यापीठ 169व्या स्थानावर गेलं. एका वर्षात थेट ऐंशी जागा खाली. या वर्षभरात तिथले प्राध्यापक सोडून गेले नव्हते, प्रयोगशाळा बंद पडल्या नव्हत्या, विद्यार्थीही बदलले नव्हते. घसरणीचं मोठं कारण निघालं मोजणीत. क्रमवारीत परदेशी विद्यार्थी आणि परदेशी अध्यापक यांना वेगळे गुण होते. पहिल्या वर्षी मलेशियातल्या चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांना परदेशी धरलं गेलं होतं. चूक दुरुस्त झाली आणि विद्यापीठ खाली आलं.

ही चूक नेमकी काय होती ते जरा जवळून पाहा. ब्रिटिश अमदानीत तमिळ मुलखातून हजारो कुटुंबं मलायातल्या रबराच्या मळ्यांवर मजुरीला नेली गेली. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज तिथली नागरिक आहे. त्यांच्या घरातली एखादी मुलगी तिथेच जन्मते, तिथल्याच शाळेत मलय भाषा शिकते, मलेशियाचा पासपोर्ट बाळगते आणि आपल्याच देशाच्या सर्वांत जुन्या विद्यापीठात प्रवेश घेते. तक्त्यातल्या एका रकान्यात तीच मुलगी परकी ठरते. त्या परकेपणाचे गुण विद्यापीठाला मिळतात आणि त्या गुणांवर देश आनंद साजरा करतो. ज्या समाजाला आपलं नागरिकत्व पुन्हापुन्हा सिद्ध करावं लागलं, त्याच्या बाबतीत अशी चूक व्हावी याची मला आजही चीड येते.

चूक कळल्यावर काय झालं? मलेशियात विरोधी पक्षनेते लिम किट सियांग यांनी चौकशी आयोगाची मागणी केली, विद्यापीठावर टीकेची झोड उठली आणि कुलगुरूंना पुढची मुदतवाढ मिळाली नाही. क्रमवारी मात्र पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे निघाली.

हा प्रकार सुरुवातीच्या काळातला, आता सगळं सुधारलं असेल, असं कोणी म्हणेल. पद्धती बदलल्या हे खरं. मूळ व्यवस्था मात्र तीच राहिली आहे. क्रमवारीसाठी लागणारे बरेचसे आकडे संस्था स्वतःच भरून देतात. पूर्णवेळ अध्यापक किती, विद्यार्थी किती, परदेशी किती, उत्पन्न किती. आपल्याकडे ज्यांनी मूल्यांकनासाठी नॅकचा स्वयं-अध्ययन अहवाल किंवा राष्ट्रीय क्रमवारीसाठी एनआयआरएफचा तक्ता भरला आहे, त्यांना हा अनुभव सांगायला नको. 'अध्यापक' हा रकाना दिसायला सोपा आहे. पण तासिका तत्त्वावर शिकवणारा त्यात धरायचा का? वर्षभराच्या करारावरचा? पीएचडी करता करता प्रथम वर्षाचे तास घेणारा? संलग्न रुग्णालयातला डॉक्टर, जो आठवड्यातून एखादं व्याख्यान देतो आणि बाकी वेळ रुग्ण तपासतो? एकेका होकारानं अध्यापकांची संख्या वाढते आणि एका अध्यापकामागे विद्यार्थी कमी दिसू लागतात. क्यूएसच्या क्रमवारीत या एका गुणोत्तराला अनेक वर्षं शंभरातले 20 गुण होते. 2023 साली ते 10वर आणले गेले.

हा खेळ किती दूर जाऊ शकतो, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिसलं. ज्या क्रमवारीत ते घडलं ती 'यूएस न्यूज'ची, अमेरिकेपुरती होती. पण आकडे भरायची रीत तीच. त्या क्रमवारीत कोलंबिया देशात दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचलं होतं. तिथेच गणित शिकवणारे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांना आपल्याच विद्यापीठाचे आकडे पटेनात. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग 82.5 टक्के आहेत, असं विद्यापीठ सांगत होतं. थॅडियस यांनी काय केलं? विद्यापीठाचीच वर्गांची सूची सर्वांना खुली होती. ती त्यांनी उघडली आणि कोणत्या वर्गात किती विद्यार्थी आहेत ते मोजलं. उत्तर आलं 63 ते 67 टक्क्यांच्या आसपास. मग त्यांनी अध्यापनावरच्या खर्चाचा आकडा घेतला. तो होता 3.1 अब्ज डॉलर, म्हणजे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिघांच्या एकत्रित खर्चाहून जास्त. त्यात वैद्यकीय विभागातल्या रुग्णसेवेचा खर्चही धरला गेला असावा, असं त्यांनी हिशेबानं दाखवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठानं मान्य केलं की आधी दिलेले काही आकडे जुन्या किंवा चुकीच्या पद्धतीनं काढले होते. लहान वर्गांचं प्रमाण 57.1 टक्के निघालं, म्हणजे थॅडियस यांच्या अंदाजाहूनही कमी. नव्या यादीत कोलंबिया 18वं आलं. पुढच्या वर्षी आपण या क्रमवारीत भागच घेणार नाही, असं विद्यापीठानं जाहीर केलं.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती थॅडियस यांची कृती. त्यांच्या हाती कुठली गुप्त कागदपत्रं नव्हती. उघड असलेली माहिती त्यांनी चिकाटीनं मोजली, एवढंच. याचाच अर्थ हे काम क्रमवारी काढणाऱ्यांनाही करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. विद्यापीठानं लिहून दिलं, ते छापलं.

आता संशोधनाकडे येऊ. तिथे आकडे विद्यापीठ देत नाही, ते शोधनिबंधांच्या जागतिक माहितीकोशातून येतात, म्हणून ते भक्कम असतील असं वाटतं. 2015 साली हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा एक शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात आला. लेखक 5154. तेहेतीस पानांच्या त्या निबंधात विज्ञान आणि संदर्भ मिळून नऊ पानं, उरलेली चोवीस पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. काम खरं आणि मोठं, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की अशा निबंधाला मिळणारे हजारो संदर्भ प्रत्येक सहभागी विद्यापीठाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा करायचे का? टाइम्सच्या क्रमवारीत काही वर्षं ते होत होते. आपल्या चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अशा प्रकल्पांत मनापासून काम करत होते. 2013 साली हे विद्यापीठ टाइम्सच्या यादीत 226 ते 250 या गटात आलं आणि भारतात पहिलं ठरलं. त्यामागे या निबंधांचा मोठा हात होता. 2015 साली टाइम्सनं हजाराहून जास्त लेखकांचे निबंध मोजणीतून काढून टाकले. अंकाराचं मिडल ईस्ट टेक्निकल विद्यापीठ आदल्या वर्षी 85वं होतं. ते थेट 501 ते 600 या गटात गेलं. वर्षभरानं नियम पुन्हा बदलला आणि अशा निबंधांचं श्रेय वाटून द्यायची पद्धत आली. विद्यापीठ तेच राहिलं आणि क्रमांक मात्र शेकड्यांनी हलला.

शांघायच्या क्रमवारीत सर्वाधिक संदर्भित संशोधकांच्या संख्येला 20 टक्के वजन आहे. 2011 साली 'सायन्स' नियतकालिकानं वृत्त दिलं की सौदी अरेबियातलं किंग अब्दुलअझीझ विद्यापीठ परदेशांतल्या अशा नामवंतांना वर्षाला 72 हजार डॉलर देऊ करत होतं. बदल्यात वर्षातून काही आठवडे हजेरी आणि निबंधावर त्या विद्यापीठाचं नाव.

आणि पैशाचा आणखी एक धागा आहे. क्रमवारी काढणाऱ्या संस्था विद्यापीठांना सल्लाही विकतात, जाहिरातीही विकतात, परिषदाही भरवतात. बर्कलेचे संशोधक इगोर चिरिकोव्ह यांनी 28 रशियन विद्यापीठांचा अभ्यास केला. 2016 ते 2021 या काळात ज्यांनी क्यूएसशी वारंवार करार केले, त्यांची क्यूएसच्या यादीतली चढण एरवी झाली असती त्यापेक्षा सुमारे 140 जागांनी जास्त होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपले दोन व्यवहार एकमेकांपासून अलग ठेवलेले आहेत, असं क्यूएसचं म्हणणं. हे म्हणणं तपासायला बाहेरच्या माणसाला सगळी कागदपत्रं उघडी हवीत, ती उघडी नाहीत.

आपल्या देशात या प्रश्नाला 2020 साली तोंड फुटलं. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी या सात आयआयटींनी टाइम्सच्या क्रमवारीत सहभागी व्हायला नकार दिला. मोजणीची पद्धत पारदर्शक नाही, हे कारण त्यांनी दिलं. पवईतल्या आयआयटीला असा नकार परवडतो, कारण तिच्या दाराशी विद्यार्थ्यांची रांग कधीच आटत नाही. लहान विद्यापीठाला तो परवडत नाही, आणि म्हणूनच मोठ्यांनी बोलणं गरजेचं होतं.

क्रमवारी नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात कोणी परदेशात शिकलेलं नाही, ज्यांच्या ओळखीत कोणी प्राध्यापक नाही, अशा मुलांना या याद्यांनी पहिल्यांदा जगातल्या विद्यापीठांची नावं कळवली. पूर्वी ही माहिती काही ठरावीक घरांतच फिरायची. पण याच मुलांचं सगळं त्या क्रमांकावर अवलंबून असतं, कारण त्यांना विचारायला दुसरं कोणी नसतं. चुकीचा आकडा सर्वांत जास्त महाग पडतो तो त्यांना.

आणि आता तर क्रमांकावर कायदेशीर हक्क ठरू लागले आहेत. ब्रिटननं 2022 साली एक खास व्हिसा सुरू केला. ठरावीक तीन जागतिक क्रमवाऱ्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या पन्नासात असलेल्या परदेशी विद्यापीठाचा पदवीधर तेव्हा त्याला पात्र ठरत होता. त्या पहिल्या यादीत भारतातलं एकही विद्यापीठ नव्हतं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानं 2023च्या नियमांत परदेशी विद्यापीठांना भारतात संकुल काढण्यासाठी जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असणं हा मुख्य निकष ठेवला. नवी मुंबईत अशी संकुलं येऊ घातली आहेत. आणि आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत, जी अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी आहे, विद्यापीठ क्यूएसच्या ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं.

या शिष्यवृत्तीपाशी मी थोडा थांबतो. समजा, लातूरच्या एखाद्या मुलीला जलव्यवस्थापनात उत्तम काम करणाऱ्या विभागात प्रवेश मिळाला. विद्यापीठ मर्यादेच्या चार जागा बाहेर आहे. शिष्यवृत्ती नाही. आता त्या चार जागांचा अर्थ काय? ही अट क्यूएसच्या यादीची; पण टाइम्सची क्रमवारी पाहा, ती दोनशेच्या पुढे नेमका क्रमांक देत नाही, 201 ते 250 असे गट करते. गुणांतला फरक तिथे इतका बारीक होतो की क्रमांक लावणंच धाडसाचं. आणि ज्या गुणांवर तो बारीक फरक ठरतो, त्यात कुणाचे तासिका तत्त्वावरचे अध्यापक धरले, कुणाचे नाही, हे आपल्याला माहीत नसतं. अशा फरकावर त्या मुलीची संधी अडणं मला मान्य नाही.

माझी मागणी सोपी आहे. क्रमवारी काढणाऱ्यांनी प्रत्येक विद्यापीठानं भरून दिलेले मूळ आकडे व्याख्यांसह जाहीर करावेत आणि ते स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावेत. हे त्यांच्याकडून व्हायला वेळ लागेल. आपल्या हातात आहे ते आपण आज करू शकतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागानं क्रमांकाची अट एकट्यानं निर्णायक ठेवू नये. मर्यादेच्या बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा अर्ज त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या समितीपुढे जावा. समितीनं त्या विभागाचा अभ्यासक्रम, मार्गदर्शक प्राध्यापकांचं काम आणि त्या देशातली मान्यता पाहावी. आणि निर्णय काहीही असो, तो विद्यार्थ्याला कारणांसह, लेखी, प्रवेशाची मुदत संपायच्या आत मिळावा.