आदल्या रात्रीचा अभ्यास

(मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



ऐन जेवणाच्या आधी मला कोलेस्टेरॉलवर बोलायला उभं करणं हा कार्यकारिणीचा दुष्टपणा आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो. आतून गुलाबजामचा वास येतोय, तेव्हा लवकर आटपतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. सांगतोय ते स्वतः खाल्लेल्या ठेचेबद्दल.

इथल्या निम्म्या लोकांनी इंजिनिअरिंग कसं पास केलं हे मला माहीत आहे. सहा महिने कॅन्टीन आणि मग आदल्या रात्री जागून अभ्यास. माझा असा पक्का समज होता की रक्ततपासणीही तशीच पास होता येते.

दोन वर्षांपूर्वी माझे ट्रायग्लिसराइड्स २१० होते आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल जेमतेम ३८. एलडीएल १२८. पोट तर तुम्हाला दिसतच होतं. ऑफिसातल्या एकाचं बघून मी लो-कार्ब सुरू केलं. भात, पोळी, बटाटा, साखर, सगळं बंद. सकाळी कॉफीत बटर, दुपारी पनीर नाहीतर अंडी तुपात परतून, रात्री नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण आणि सोबत किसून वाफवलेला फ्लॉवर. त्या फ्लॉवरला 'भात' म्हणायला आईने फोनवर साफ नकार दिला. पण सात महिन्यांत पंचवीस पौंड उतरले आणि मी हवेत गेलो.

मग वार्षिक तपासणी आली. बारा तासांचा उपास चांगला, तर एकोणीस तासांचा आणखी चांगला, असा मी हिशोब केला. दुपारी तीनला जेवलो ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रक्त दिलं. मधल्या वेळात जिममध्ये जाऊन घामही गाळून आलो.

ट्रायग्लिसराइड्स ७०, एचडीएल ५८. वा! आणि एलडीएल २२०. १९०च्या वर गेलं की डॉक्टर ते गंभीर धरतात.

घाबरण्याऐवजी मी काय केलं? डीबगिंग. एलडीएल बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात, हे शोधून काढलं. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं ते सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करा. ट्रायग्लिसराइड्स चारशेच्या वर गेले तर हे सूत्र चालत नाही आणि फार कमी असले तरी थोडं चुकतं. झालं! सूत्रच चुकलंय. शिवाय उपास फार लांबला की शरीर साठवलेली चरबी बाहेर काढतं आणि एलडीएल वर जाऊ शकतं. शिवाय वजन भराभर उतरत असतानाचे आकडे स्थिर नसतात. अशा तीन सबबी छापून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. या तिन्ही सबबी काढून टाकू आणि पुन्हा तपासू."

म्हणजे असं. आधी वजन काही आठवडे एका जागी स्थिर राहू द्यायचं. रोजचं खाणं आहे तसंच ठेवायचं, तपासणीसाठी म्हणून साधू व्हायचं नाही की लग्नातलं जेवणही जेवायचं नाही. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलायची. आदल्या दोन दिवसांत दारू नाही, जोरदार व्यायाम नाही. उपास दहा-बारा तासांचाच. पाणी भरपूर प्यायचं, कारण लो-कार्बवर अंगातलं मीठ-पाणी कमी होतं आणि नर्सला शीर सापडत नाही. बटर घातलेली कॉफी म्हणजे उपास नव्हे. (आमच्या एका काकूंनी 'फास्टिंग' म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, पण त्या निदान प्रामाणिक होत्या.) मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी मात्र उपाशी राहण्याआधी आणि लो-कार्ब सुरू करण्याआधीही डॉक्टरांना विचारा, इथे चेष्टा नको. सोबत त्यांनी एपोबी ही तपासणी लिहून दिली, कारण त्यात सूत्र नाही, थेट मोजमाप आहे. आणि लायपोप्रोटीन-ए. हे बहुतेक अनुवंशिक असतं आणि आयुष्यात एकदा बघितलं की सहसा पुरतं.

सगळं नेमकं पाळलं. एलडीएल २०१. एपोबीही चढलेलंच. सबब एकही उरली नाही.

माझ्या बाबांना एक्कावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मी तेव्हा थर्ड इयरला होतो. परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी मला दोन दिवस कळवलंच नाही. बाबा वाचले, पण जिना चढताना मध्ये थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायचे. हे सगळं ठाऊक असूनही मी सूत्रात चूक शोधत बसलो होतो. आपण दक्षिण आशियाई आहोत हीच जोखीम वाढवणारी गोष्ट आहे, असं अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मी वाचलं होतं. आणि पान उलटलं होतं.

आकडा खाली आणायच्या युक्त्या आहेत बरं का. लो-कार्ब खाणाऱ्या एका सडपातळ माणसाने स्वतःवर प्रयोग करून रोज बारा ओरिओ बिस्किटं खाल्ली आणि सोळा दिवसांत त्याचं एलडीएल ३८४वरून १११वर आलं. २०२४ साली तो छापूनही आला. प्रयोग म्हणून मजेशीर आहे. पण तपासणीपुरती पंधरा दिवस बिस्किटं खाऊन नंतर पुन्हा तुपावर येणारा माणूस नक्की कोणाला फसवतो?

मी लो-कार्ब पूर्ण सोडलं नाही. बटर-कॉफी गेली, नारळ सणापुरता राहिला, मोडाची उसळ आणि एक भाकरी परत आली. दिवाळीनंतर एलडीएल १४३ आलं. बाबांचा इतिहास बघून एक छोटी गोळीही सुरू झाली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा कृपया कोणी व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

आता तुमच्या देणगीबद्दल. आजचे पैसे गावाकडच्या तपासणी शिबिरांना जाणार आहेत. मागच्या सुट्टीत आमच्या आजोळच्या अशाच एका शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. पहाटेची एस.टी. पकडून आलेल्या एक आजी स्टँडवर अर्धा कप चहा प्यायल्या होत्या, म्हणून त्यांना परत पाठवलं. पुन्हा त्या आल्या नाहीत. खरं तर पहिल्या तपासणीला उपास लागतोच असं नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल चहानंतरही जवळपास तेवढंच येतं. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले दिसले तरच उपाशीपोटी पुन्हा बोलवायचं. या वेळी शिबिरवाल्यांशी फोनवर बोलून घेतलंय: चहा प्यायलेल्यांचंही रक्त घ्यायचं आणि वर तशी नोंद करायची.

पावतीपुस्तक दाराजवळच्या टेबलावर आहे. गुलाबजाम त्याच्या पलीकडे.