ठाण्याच्या तुरुंगातून एडनला

ठाणे शहरात आलात की मध्यवर्ती कारागृह लागतं. तोच जुना ठाण्याचा किल्ला. जन्मठेप झाल्यावर क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके काही काळ इथेच कोठडीत होते. जानेवारी १८८० मध्ये त्यांना बोटीनं नेलं, तेही अंदमानला नाही, थेट एडनला! एडनचा कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता. म्हणून अशा कैद्याचा माग काढायचा तर मुंबईच्या पुराभिलेखागारातली दप्तरं चाळावीत. एडनच्या तुरुंगातून फडके निसटले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. कैद्याची नोंद सरकार ठेवतं; पण पत्नी गोपिकाबाईंनी मागे कसे दिवस काढले, ते मात्र पनवेलजवळच्या शिरढोणला, फडक्यांच्या गावी जाऊन विचारावं.